गच्चीवरच्या टाकीचं अजीर्ण

गॅसचं कनेक्शन मिळवताना माणसाचा जेवढा जीव जातो, त्याच्या दुप्पट ते परत करताना जातो. हे मी ऐकीव सांगत नाही. बंगळुरातल्या उभ्या चामराजपेटेत आपणहून कनेक्शन परत केलेला मी एकटाच माणूस आहे, आणि तसं प्रमाणपत्र मला खुद्द एजन्सीतल्या कारकुनाने दिलं आहे. "बावीस वर्षं इथे बसतो सर," तो म्हणाला, "कोणीच परत दिलं नाही. त्याचा फॉर्म कुठल्या कपाटात आहे, तेच गोत्तिल्ला, माहीत नाही."

झालं असं, की तेलाची टंचाई सुरू झाली. पंपांवर रांगा लागल्या, ऑटोवाले मीटर विसरले (ते तसेही विसरलेलेच होते), आणि सिलिंडर नोंदवल्यावर आधी दहा दिवसांनी, मग पंचवीस दिवसांनी आणि शेवटी 'बंदाग बरुत्ते', म्हणजे 'आला की येईल', अशा बोलीवर येऊ लागला. मी एजन्सीत चौकशीला गेलो. दीड तास रांगेत उभा राहिलो. खिडकीशी पोचल्यावर कारकुनाने माझं कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. कार्डावरच्या फोटोत मला भरपूर केस आहेत. "हे तुमचे धाकटे भाऊ का?" त्याने अतिशय नम्रपणे विचारलं. "त्यांना पाठवा. ओळख पटल्याशिवाय सिलिंडर देता येत नाही."

मागे रांगेत कुणीतरी हसलं.

माणसाने टंचाई सोसावी, महागाई सोसावी, पण टकलावरचं हसणं सोसू नये. "ठेवा तुमचा गॅस तुमच्याजवळ!" मी गरजलो. "मला नकोच आहे! माझं घर यापुढे तेलावाचून चालेल!" मग मागच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "खरंच नको असेल, तर तुमचा सिलिंडर मला मिळेल का?" रांगेतली निम्मी माणसं आमच्याच गल्लीतली होती. मागे फिरायची वाट बंद झाली होती. तीन खेपा घालून, फॉर्म शोधायला स्वतः कपाट उपसून, मी कनेक्शन परत केलं.

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. अंजली शांत असली की मला भीती वाटते.

"तू रागावलास ते ठीक आहे, उल्हास. पण सिलिंडर का दिलास?"

"तत्त्व म्हणून."

"बरं. मग मुग्धाच्या डोहाळजेवणाच्या पोळ्या आता तत्त्वावर भाजू?"

इथे मात्र तत्त्व उपयोगाचं नव्हतं. मुग्धा माझी धाकटी बहीण. ती आणि तिचा नवरा कार्तिक यशवंतपूरला राहतात. तिला सहावा महिना लागत होता. आई जाऊन चौदा महिने झाले होते. कार्तिकच्या घरचं सीमंत थाटात झालं होतं, माहेरचं डोहाळजेवण राहिलं होतं, आणि डॉक्टरांनी प्रवासाला बंदी केल्यामुळे पुण्याला जाणं शक्य नव्हतं. आता तिचं माहेर म्हणजे चामराजपेटेतलं आमचं भाड्याचं घर. आमच्या आईने नात्यातल्या प्रत्येक पोरीच्या डोहाळजेवणाला स्वतः पुरणपोळ्या केल्या होत्या. तेव्हा मीही मुग्धाला शब्द दिला होता, की सगळं आईसारखं होईल, अगदी पुरणपोळीसकट.

पण मला खरं खुपत होतं ते वेगळंच. मुग्धाला डोहाळे लागतच नव्हते. म्हणजे लागत असणारच, पण ती सांगत नव्हती. मी रोज फोन करायचो, "काय खावंसं वाटतंय?" ती रोज म्हणायची, "काही नको रे दादा. सगळं मस्त आहे." कार्तिकला हेच उत्तर, सासूबाईंना हेच, अंजलीलाही हेच. लहानपणी साध्या तापात ही पोरगी आईकडून तीन-तीन पदार्थ वसूल करायची. बाईने हट्ट करायचा तो आईपाशी, आणि आईच नाही म्हटल्यावर तिने हट्टाचं दुकानच बंद केलं होतं. ते माझ्याच्याने बघवत नव्हतं. एकदा तरी तिने तोंड उघडून काहीतरी मागावं, एवढंच मला हवं होतं.

आता तुम्ही म्हणाल, इंडक्शनची शेगडी आणा. आणली होती. पण आमचे घरमालक नरसिंगराव यांच्या आजोबांच्या वेळचं वायरिंग असं आहे, की शेगडी आणि पंखा एकदम लावले की तळमजल्यावर अंधार पडतो. त्यातून सगळ्या पेटेने त्याच आठवड्यात शेगड्या घेतल्या आणि कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर दिवसाआड धूर काढू लागला. आमच्या शेगडीवर चहा होई, भात होई. पुरणपोळीचा तवा त्या शेगडीला मान्यच नव्हता. केटरर तर फोनही उचलत नव्हते, कारण त्यांच्याकडेही गॅस नव्हता.

तेव्हा मी गच्चीवर गोबरगॅस करायचं ठरवलं.

तीन दिवस मी अभ्यास केला. चौथ्या दिवशी मी तज्ज्ञ होतो. पीण्या या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये महांतेश नावाचा कारागीर असल्या टाक्या बनवतो असं कळलं. त्याने दोन काळ्या टाक्या दाखवल्या. मोठीत शेणकाला भरायचा, छोटी तिच्यात उपडी घालायची. आत गॅस झाला की वरची टाकी उचलते, आणि नळीने तो गॅस स्वयंपाकघरात जातो. महांतेश मितभाषी माणूस होता. त्याने मला एकच वाक्य तीनदा सांगितलं, "सर, थोडा थोडा खिलाना. स्वल्प, स्वल्प." आणि एक छापील कागद दिला. कागद कन्नडमध्ये होता. बंगळुरात सहा वर्षं काढूनही मला कन्नड वाचता येत नाही, ही गोष्ट मी त्याच्यापासून लपवली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. मी पोटासाठी सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो. ती कुणी वाचत नाही म्हणून मी जन्मभर लोकांना नावं ठेवत आलो आहे, हेही इथे नमूद करायला हवं.

नरसिंगरावांची परवानगी काढणं हे पुढचं काम. त्यांचं मराठी घराणं सहा पिढ्यांपूर्वी इथे आलं. पेटेत त्यांचं बांगड्यांचं दुकान आहे. ते गच्चीवर आले, दोनदा पाय आपटून पाहिले आणि म्हणाले, "उल्हासराव, हजार लिटर पाणी वर होतंच की. शेण होऊ दे. पण एक सांगतो, वास आला तर मला चालेल, आमच्या हिला नाही चालणार हो." त्यांच्या 'ही', म्हणजे पुष्पावतीबाई, ज्यांना सगळी गल्ली पुष्पाक्का म्हणते, जिन्यातूनच म्हणाल्या, "मला चालतंय. पुण्याची माणसं शेणात हात घालणार, ते बघायला मिळतंय की."

ते त्यांना भरपूर बघायला मिळालं. मागच्या गल्लीतल्या गवळ्याकडून मी आणि अंजलीने बादल्यांनी शेण आणलं, तीन मजले. दुसऱ्या दिवशी माझी पाठ धरली. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या शिवलीलाक्का आपणहून जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. त्या मूळच्या बेळगावकडच्या, ब्लाउज शिवतात, एकट्या राहतात. "द्या इकडं," त्या म्हणाल्या. "तुमच्या चालण्यानं हे दिवाळीला भरंल." त्यांच्या पाठोपाठ पुष्पाक्का, मग नरसिंगराव, मग समोरच्या घरातले दोघे आले. जिन्यात साखळी झाली आणि टाकी संध्याकाळपर्यंत भरली. मी प्रत्येकाचे आभार मानत होतो, आणि प्रत्येक जण मला बाजूला व्हायला सांगत होता.

आठवडाभराने वास आला. कुणीतरी तक्रार केली, आणि कुठल्याशा कार्यालयातून एक साहेब वही घेऊन आले. त्यांनी टाकीला प्रदक्षिणा घातली. त्यांच्या वहीत पाण्याची टाकी हा रकाना होता, गटार हा होता, पण हे जे काही होतं त्याला रकाना नव्हता. "हे रोज खातं?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "शेण आहे?" आहे. "गॅस सोडतं?" ती तर मुख्य अपेक्षा होती. साहेबांनी बराच विचार केला आणि जनावरांच्या रकान्यात 'गाय एक, गच्चीवर' अशी नोंद करून ते कॉफी पिऊन गेले. पुढच्या आठवड्यात दुसरा माणूस गाईला लस टोचायला आला. तीन मजले चढून आल्यावर टाकी पाहून तो खिन्न झाला. त्यालाही पुष्पाक्कांनी कॉफी दिली. गॅस वाचवायच्या त्या दिवसांत त्या बाईंनी माझ्यापायी किती कॉफी उकळली, हे मी विसरणार नाही.

पंचविसाव्या दिवशी ज्योत पेटली. निळी, फुरफुरणारी, चांगली वीतभर. अंजलीने पहिला चहा केला आणि गल्लीतल्या अकरा माणसांनी तो घोट-घोट प्यायला. नरसिंगरावांनी मला शाल द्यायचं ठरवलं होतं, पण शाल सापडली नाही म्हणून टॉवेल दिला. मी छोटंसं भाषणही केलं. रोज दोन किलो खरकटं घातलं की सव्वा तास गॅस मिळू लागला. आमचं दोघांचं वरण-भात-भाजी त्यात होई. एजन्सीच्या दारावरून मी मुद्दाम छाती काढून जाऊ लागलो.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट घडली नसती. पण डोहाळजेवण तीन आठवड्यांवर आलं होतं. पस्तीस माणसांच्या पोळ्यांना सव्वा तास कसा पुरणार? मी साधं त्रैराशिक मांडलं. दोन किलो खरकट्याचा सव्वा तास, तर आठ किलोचा पाच तास. आणि मी टाकीला वाढू लागलो.

मराठी माणसाला पंगतीत आग्रह करायला शिकवावं लागत नाही. पाहुणा नको म्हणतो, आपण वाढतो, तो ताटावर आडवा होतो, आपण त्याच्या हातावरून वाढतो. असं सात वेळा झाल्याशिवाय पाहुणा जेवला असं आमच्याकडे धरत नाहीत. टाकीची अडचण अशी, की ती नको म्हणत नाही. सकाळी भाज्यांची देठं, दुपारी गल्लीतलं खरकटं, संध्याकाळी शिळा भात. गल्लीनेही हौसेने साथ दिली. येणारा-जाणारा गच्चीवर डोकावून टाकीलाच विचारी, "ऊटा आय्ता?", म्हणजे 'जेवण झालं का?', आणि जेवण झालेलं असलं तरी बरोबर आणलेलं काहीतरी आत घाली. शिवलीलाक्का रोज नाचणीची आंबील घालायच्या, अशक्तपणा येऊ नये म्हणून. समोरच्यांच्या सत्यनारायणाचा उरलेला शिरा गेला. एका लग्नातलं अर्धं पातेलं बिसिबेळे भात गेलं. पुष्पाक्का म्हणाल्या, "एवढं तिखट गेलंय, वर ताक घाला हो." तेही घातलं.

टाकी वर वर चढू लागली. मी पट्टीने रोज तिची उंची मोजायचो आणि मुग्धाला फोनवर सांगायचो. ती म्हणायची, "दादा, माझ्या पोटाचा घेर डॉक्टरसुद्धा इतक्या वेळा मोजत नाही." पण काय खावंसं वाटतंय विचारलं, की पुन्हा तेच. काही नको.

"ज्योत जरा पिवळी दिसतेय," अंजली एकदा म्हणाली. मी तिला उजेडाचं कारण दिलं. शेवटचे पाच दिवस तर मी गॅस वापरायलाच बंदी केली. रविवारसाठी साठवायचा होता. शनिवारी दुपारी टाकी इतकी वर आली होती की कडेने बुडबुडे फुटत होते. मी तृप्त मनाने खाली आलो. अंजलीने पुरणासाठी तीन किलो डाळ धुवून ठेवली होती. बर्नरला काडी लावली.

फुस्स झालं आणि काडी विझली.

दुसरी काडी विझली. तिसरी, चौथी, सगळी पेटी. गॅस जोरात येत होता, पण पेटत नव्हता. काडी विझवायच्या कामी मात्र तो उत्तम होता.

महांतेश पीण्याहून दोन बस बदलून आला. त्याने टाकीचं झाकण किलकिलं केलं, वास घेतला, आणि मागे सरकला. एक कागदाची पट्टी आत बुडवून वर काढली. पट्टीचा रंग पाहून त्याचा चेहरा पडला. "सर, क्या क्या खिलाया?" मी सांगत गेलो. बिसिबेळे भाताशी त्याने डोळे मिटले, ताकाशी कपाळाला हात लावला. "एसिडिटी हो गया," तो म्हणाला. "पूरा पेट खराब. अंदर के जंतू बेहोश. यह गॅस जलेगा नहीं." उपाय काय? चुन्याची निवळी, थोडं ताजं शेण, आणि दहा-बारा दिवस कडक लंघन.

"दहा-बारा दिवस?" मी म्हणालो. "डोहाळजेवण उद्या आहे."

महांतेशने विचारलं, कागद वाचला नव्हता का? मी खिसे चाचपले. कागद पँटबरोबर धुवून निघाला होता, पण अक्षरं शाबूत होती. पुष्पाक्कांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि माझ्यासाठी मराठीत सांगितलं, "पहिल्याच ओळीत हाय हो. दिवसाला दोन किलोच्या वर घालू नका. तेही खाली रेघ मारून."

मी गच्चीच्या कठड्यावर बसलो. थट्टा करायचं त्राण नव्हतं. खिशातून फोन काढला, मुग्धाला सांगायला की होणार नाही. ती काय म्हणेल ते मला पाठ होतं. "अरे काही नको, दादा. ठीक आहे." ती रडली असती, रागावली असती, तरी चाललं असतं. पण ती खरोखरच ठीक आहे म्हणाली असती, आणि आईविना ठीक राहायची तिची सवय माझ्या मूर्खपणाने आणखी पक्की झाली असती. माझे डोळे भरून आले. एका तत्त्वापायी आणि एका हसण्यापायी मी बहिणीचं एकुलतं एक कोडकौतुक घालवलं होतं.

अंजलीने फोन माझ्या हातातून काढून घेतला. ती मला बोलेल असं वाटलं, पण ती पुष्पाक्कांकडे बघत होती.

"स्वल्प थांबा," पुष्पाक्का म्हणाल्या. "किती पोळ्या?"

"पस्तीस माणसं," अंजली म्हणाली. "सत्तर तरी."

"डाळ भिजलेलीच हाय न्हवं?" तोवर वर आलेल्या शिवलीलाक्कांनी विचारलं. "मग आण्णांस्नी एवढं रडायला काय झालं? पंधरा माझ्याकडं."

"अहो, पण तुमचाही सिलिंडर..." मी म्हणालो. सगळ्यांचीच अवस्था तीच होती. प्रत्येक घरात अर्धा-पाऊण सिलिंडर, आणि पुढचा कधी येईल ते एजन्सीलाही ठाऊक नाही. लोक सकाळी एकदाच शिजवून दोन वेळा खात होते.

"तुमी गप्प बसा," शिवलीलाक्का म्हणाल्या. "माहेरवाशीण हाय ती."

दहा मिनिटांत वाटणी झाली. डाळ आणि कटाची आमटी पुष्पाक्कांच्या कुकरमध्ये. पोळ्या पाच घरांत, प्रत्येकी पंधराच्या आतबाहेर. कोशिंबिरी आणि चटण्या, ज्यांना आग लागत नाही, त्या अंजलीकडे. भात आमच्या त्या बिचाऱ्या शेगडीवर, आणि तेवढा वेळ सगळ्यांनी पंखे बंद ठेवायचे. महांतेशसुद्धा थांबला. तो चुना विरघळवत गच्चीवर बसला. मला काय करायचं विचारलं तर नरसिंगराव म्हणाले, "तुम्ही आता कशालाच हात लावू नका, उल्हासराव. डबे तेवढे वर-खाली करा."

रविवारी मी डबे वर-खाली केले. माझ्या आयुष्यात मी इतकं उपयोगी काम क्वचितच केलं असेल.

मुग्धा हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत पाटावर बसली. पाच घरांतल्या पोळ्या एका ताटात आल्या, आणि त्यांतली एकही दुसरीसारखी नव्हती. पुष्पाक्कांची जाड आणि लालसर, समोरच्यांची खोबरं घातलेली, शिवलीलाक्कांची होळिगे पापडासारखी पातळ आणि ताटाएवढी मोठी. बायकांनी ओटी भरली, गाणी झाली, दोन वाट्यांखाली पेढा की बर्फी तेही झालं. बर्फी निघाली. मी सवयीने आग्रह करायला पोळ्या घेऊन पुढे झालो तर पाच घरांतल्या पाच बायका एकदम ओरडल्या, "साकु! पुरे!" मी मुकाट्याने मागे सरलो.

मुग्धाने ती पातळ पोळी संपवली. "ही कुणी केली?" तिने विचारलं. मी शिवलीलाक्कांकडे बोट दाखवलं.

"आईच्या पोळीसारखी नाही," ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो.

"पण खूप छान आहे रे." आणि ती मान खाली घालून बोटं चाटू लागली. आई गेल्यापासून तिचं नाव आमच्या दोघांच्या बोलण्यात पहिल्यांदाच असं सहज आलं होतं. मी बाहेर जाऊन जिन्यात दोन मिनिटं उभा राहिलो.

मंगळवारी अंजली शिवलीलाक्कांचा डबा परत द्यायला गेली. रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात साखर घातली होती. परत येऊन तिने सांगितलं. शिवलीलाक्का दह्यात भिजवलेले पोहे खात होत्या. ओटा कोरडा होता. त्यांचा सिलिंडर रविवारीच संपला होता, तेराव्या पोळीला. उरलेल्या दोन त्यांनी शेजारच्या घरात जाऊन भाजल्या होत्या आणि कुणाला काही बोलल्या नव्हत्या. अंजलीने विचारलं तर म्हणाल्या, "उनाचे दिवस हैत. थंड खाल्लेलं बरं असतंय."

त्या दिवसापासून आमची तिन्ही घरं पुष्पाक्कांच्या एका शेगडीवर जेवू लागली. मी टाकीची सेवा सुरू केली. सकाळी चुन्याची निवळी, एक वाटी. ताजं शेण, एक लोटा. खायला काहीही नाही. गच्चीच्या दाराला मी कुलूप लावलं आणि किल्ली अंजलीला दिली, कारण मला स्वतःचा भरवसा नव्हता. महांतेशचा कागद भिंतीवर चिकटवला आणि नरसिंगरावांकडून रोज एक ओळ वाचायला शिकू लागलो. कंटाळा न करता शिकवतात ते, आणि चुकलो की हसतात. मीही हसतो. टकलाबद्दलही त्यांनी एकदा विचारलं. तेही सांगितलं.

तेराव्या दिवशी महांतेशची पट्टी हिरवी झाली. वरची टाकी बोटभर उचलली, मग वीतभर. काडी लावली. भप्प करून निळी ज्योत उभी राहिली.

अंजलीने माझ्याकडे पाहिलं. मी नळी सोडवली. महांतेशने आणखी वीस हात नळी जोडून गच्चीवरून खाली सोडली, आणि आम्ही ती शिवलीलाक्कांच्या खिडकीतून आत घेऊन त्यांच्या ओट्यावर आमचा बर्नर ठेवला. त्या नको नको म्हणत होत्या. हा एक आग्रह मात्र मी सोडला नाही. "आजचा गॅस तुमचा," मी म्हणालो. "तासभर मिळेल. तुम्हाला काय हवं ते करा. तुमचे उपकार..."

"भाषण नको, आण्णा," त्या म्हणाल्या. ज्योतीला हात जोडले, पदर खोचला. मग म्हणाल्या, "भैणीला फोन लावा."

"कशाला?"

"लावा की."

मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. शिवलीलाक्का फोनवर वाकून, नळावर बोलतात तशा मोठ्याने म्हणाल्या, "मुग्धाक्का! मी शिवलीला. होळिगेवाली. माझ्याकडं तासभर गॅस हाय. काय खावंसं वाटतंय, सांगा बगू."

मला उत्तर माहीत होतं. अंजलीलाही माहीत होतं, तिने माझा हात धरला.

"आंबटचुक्याची पातळ भाजी," मुग्धा म्हणाली. थांबली. "शेंगदाणे घालून." पुन्हा थांबली. "आणि ज्वारीची भाकरी. आणि अक्का, हिरव्या मिरचीचा ठेचा कराल? भरपूर लसूण घालून. दादाला नका सांगू, तो डॉक्टरला विचारत बसेल. आणि उद्या पुन्हा फोन करा ना, मला अजून खूप काय काय हवंय."

"करते की," शिवलीलाक्का म्हणाल्या आणि मला पिशवी दिली. मी चुका आणायला बाजाराकडे धावत सुटलो. डोळे पुसायला थांबलो असतो, पण गॅस तासभरच होता.